रेघेपर्यंत पाणी

माझी आई गिरजाबाई पाणी चोरून पिते. किडन्या गेल्यात, डायलिसिसवर आहे, दिवसाला मोजकंच पाणी. जास्त झालं की ते छातीत साठतं. मागच्या महिन्यात आयसीयूतून परत आणली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर वाचणार नाही.

घरातल्या पाण्यावर मी पहारा ठेवला. पण ही बया शेजारी जाऊन बसायची, आणि दारी आलेल्याला पाणी नको म्हणणार कोण? खालच्या गोजराकाकी तर तांब्याच पुढे करायच्या. जुईनगरचं हे घर त्यांचं. आम्ही वरच्या खोलीत भाड्यानं, आणि त्यांच्याच गाळ्यात माझं काचेवर नक्षी काढायचं काम.

काम म्हणजे वाळूचा फवारा. उघडी काच खरवडून पांढरी होते, रबरावरून मात्र वाळू उडून जाते. नक्षीसाठी चिकटवलेला स्टिकर एका ग्लासात फाटतो, म्हणून मी कळंबोलीहून ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणते आणि नक्षी कापून त्यांच्या बाह्या करते. ग्लासवर चढवायची, फवारा मारायचा, काढून पुढच्या ग्लासवर. तशीच एक बाही आईसाठी केली, फक्त बोटभर आडवी चीर ठेवून, म्हणजे ग्लासवर तिच्या पाण्याच्या मापाची रेघ उमटेल. एक ग्लास आमच्या घरी तिच्यासाठी, एक काकींकडे. "आई आली की ह्यातच द्या. रेघेपर्यंतच." स्वतःची पाठ थोपटून घेतली मी.

आणि आज डायलिसिसला न्यायला रिक्षा दारात उभी असताना आई उठेना. पाय सुजून टम्म, श्वास शिट्टीसारखा. माझ्यादेखत तिनं तांब्या तोंडाला लावला होता.

"मरायचंय का तुला?" मी ओरडले.

"मरते की." दम खाऊन ती म्हणाली, "गोजरानं माह्यासाठी येगळा गिलास ठेवलाय. खिडकीत, पालथा. बाकी सगळे मांडणीत. गावाला पाटलाच्या गोठ्यात आपली कपबशी अशीच असायची. तुह्या आजीला ती धुऊन पालथी घालताना म्या बघितलंय."

"काकींनी नाही गं. मी दिला तो."

"तू?" तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी धावत खाली गेले. काकींनी ऐकलं आणि त्या भडकल्याच. "आगो, मना आदी बोलाचं नाय? धूल बसू नये म्हनून मी पालथा ठेवला, आनि तिला काय वाटला आसंल!" मांडणीतले सगळे ग्लास त्यांनी पदरात भरले. "हे सगले रेघेचे कर. आताच्या आता."

"काकी, वेळ नाही. तिचा श्वास..."

"म्हनून तं बोलते!"

फवाऱ्याचा कॉम्प्रेसर चालू असला की वरचं काही ऐकू येत नाही. एक ग्लास झाला की मी कॉम्प्रेसर बंद करायचे, आईचा खोकला ऐकायचे, मग बाही पुढच्या ग्लासवर. चिरेची कड झिजली होती. ती फाटली तर नवी कापायला वेळ कुठला? काकी ग्लास पुसत होत्या. शेवटी त्यांनी यजमानांचा रात्रीचा खास ग्लासही पुढे केला. "गोटीरामला पन रेघ पायजे."

काकी ट्रे घेऊन वर आल्या. सगळ्यांत रेघेपर्यंत पाणी. "गिरजाबाय, उचल कंचा पन."

आईनं एकेका ग्लासावरून बोट फिरवलं. रेघा हाताला लागत होत्या. "सगळ्यांना?"

"सगल्यांना." काकींनी एक उचलून घटाघट रिकामा केला. "आमच्या घरान आता बिनरेघेचा गलासच नाय."

आईनं दुसरा उचलला, घोटभर घेतला आणि खाली ठेवला. काकींचा हात धरून जिन्यापर्यंत आली. मला वाटलं, सुटलो.

तिथं ती थांबली. मागे वळून आमच्या फळीकडे बघितलं. तिथं दोनच ग्लास होते. एक तिचा, रेघेचा. दुसरा माझा, कोरा.

"आन तुहा?" तिनं विचारलं.

रिक्षावाला हॉर्न देत होता. आई धापा टाकत पायरीवर बसली आणि हलेना. मी माझा ग्लास घेतला, खाली पळाले आणि कॉम्प्रेसर पुन्हा चालू केला.