आशीर्वादाचा हात

महाराजांनी डोळे मिटले आणि खचाखच भरलेलं सभागृह चिडीचूप झालं. पुढच्या रांगेत एक सासूबाई हात जोडून उभ्या होत्या.

"माई," महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देह तुझा इथे, पण जीव स्वयंपाकघरात! थांब, बघतो." कानावर आलेली जटा त्यांनी बोटांनी चाचपली. "पिवळा गाउन... सून पाठमोरी उभी आहे... फोनवर हसतेय. आणि मागे शेगडीवर दूध उतू चाललंय, माई, दूध!"

सेवेकऱ्याने तिथूनच त्या घरी फोन लावला, दुधाचं विचारलं आणि फोन माइकपाशी धरला. सुनेचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "अगंबाई! तुम्हाला कसं कळलं? आत्ताच बंद केला की गॅस. ओटा पुसतेय मी." इकडे महाराजांचं "उतू चाललंय, दूध!" अजून चालूच होतं.

मग काय विचारता! टाळ्या, हुंदके, जयजयकार. सासूबाईंनी तर व्यासपीठाच्या पायरीवर लोटांगणच घातलं. दूध उतू गेल्याचा एवढा आनंद त्या घरात याआधी कोणाला झाला नसेल.

"ओटा पुसून होत आला आणि ह्यांना अजून दूध उतू जाताना दिसतंय," मागच्या रांगेत बसलेली थोरली धाकट्या बहिणीच्या कानाशी लागून म्हणाली. "दिव्यदृष्टी जरा उशिरा पोचते वाटतं."

"ताई, तोंड आवर गं. लोक बघतायत."

थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. असल्या ठिकाणी ती एरवी फिरकलीही नसती. पण प्रश्न आईचा होता. पक्षाघाताने आईची डावी बाजू गेली होती आणि ती धाकटीकडे असायची. तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी जिवाला जीव देणाऱ्या होत्या. त्यांना धाकटीने महिन्यापूर्वी काढून टाकलं. का, तर महाराजांनी सांगितलं, "परक्या बाईची सावली आहे घरात. तिला घालव. आईवर माझी नजर आहे." झालं. तेव्हापासून धाकटी दर्शनाला निघाली की आई घरात एकटी. पलंगाशेजारच्या टेबलावर कॅमेरा मात्र होता. महाराजांचाच एक भक्त कॅमेरे बसवायचा. दर्शनाला येणाऱ्या घराघरांत त्याने ते बसवून दिले होते, अगदी हसतमुखाने. मावशींना परत बोलाव म्हणून थोरलीने डोकं फोडून घेतलं, तेव्हा धाकटीने एकच अट घातली, "एकदा येऊन बघ. मग बोल."

दारात सगळ्यांचे फोन काढून घेतले होते. फोनच्या लहरींनी म्हणे ध्यानात बाधा येते. चालायचा तो फक्त सेवेकऱ्याचा. त्याच्या फोनच्या लहरींनी बहुधा दीक्षा घेतली असावी.

धाकटीचा नंबर लागला. ती हात जोडून उठली.

"महाराज, दुपारी निघाले घरून. आई बरी आहे ना?"

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा जटा. "पलंगावर आहे. निळं पांघरूण. डोळे उघडे..." मग महाराज एकदम गहिवरले. "आणि हात! पोरी, उजवा हात उचललाय तिने. आशीर्वाद देतेय तुला! अगं, कधीचा उचललाय, खाली म्हणून घेत नाही! काय पुण्य केलंस गं?"

सभागृह नुसतं दणाणलं. धाकटी रडत होती, हसत होती, टाळ्या वाजवत होती. शेजारच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या.

थोरलीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ज्या आईला घास तोंडापर्यंत न्यायचा तरी दम लागतो, ती कधीची हात उचलून कशी राहील?

"चल घरी," ती म्हणाली.

"पायांवर डोकं ठेवल्याशिवाय? आज? काहीतरीच काय!"

दर्शनाची रांग संपवून दोघी घरी पोचल्या तेव्हा अंधार पडला होता.

आई फरशीवर होती. निळं पांघरूण पायांत गुंडाळलेलं, ओठ कोरडे पडलेले, अंग गार. तिच्या उजव्या मुठीत कॅमेऱ्याची वायर होती. कॅमेरा टेबलाखाली पडला होता आणि पाण्याची बाटली टेबलावर होती तशीच उभी.

"आई गं!" धाकटी किंचाळली. "पण... पण ती पलंगावर होती! महाराजांनी बघितलं ना!"

थोरलीने रुग्णवाहिकेला फोन केला, आईच्या ओठांना पाण्याचं बोट लावलं आणि पांघरूण आणायला आत धावली. वाटेत स्वयंपाकघराच्या टेबलावर धाकटीचा लॅपटॉप उघडा होता. स्वयंपाक करताना आई दिसावी म्हणून ती ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचं पान उघडून ठेवायची आणि तसंच सोडून जायची. थोरली जागच्या जागी थांबली.

पडद्यावर आई पलंगावर होती. निळं पांघरूण, डोळे उघडे, उजवा हात उचललेला.

खिडकीबाहेर अंधार होता आणि पडद्यावरच्या पलंगावर दुपारचं ऊन पडलं होतं. चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ चारच्या पुढे सरकायचं थांबलं होतं. ऑनलाइन तासांना थोरलीने हे ढीगभर वेळा पाहिलं होतं. नेट गेलं की एखाद्या मुलीचं चित्र जांभईवरच थांबायचं, आणि दोघीतिघी वस्ताद तर प्रश्न विचारला की मुद्दाम पुतळ्यासारख्या बसायच्या. आईचा हात बाटलीकडे गेला, वायरीत अडकला, कॅमेरा बंद पडला आणि तोल जाऊन ती खाली आली. ब्राउझरने शेवटचं चित्र तेवढं धरून ठेवलं.

आणि महाराजांनी त्याच चित्राचं सभेत तंतोतंत वर्णन केलं होतं.

आई तिसऱ्या दिवशी गेली. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तासन् तास गार फरशीवर राहून छाती भरली होती. "लगेच आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्याच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

धाकटी कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. थोरलीने तिला एकदाही "तरी मी सांगत होते" म्हटलं नाही. मग एका सकाळी धाकटी आपणहून उठली. तिने कॅमेरा पुसला, जागेवर ठेवला, वायर लावली. आईच्या पलंगावर उशा रचल्या आणि त्यावर निळं पांघरूण घातलं.

"ताई," ती म्हणाली, "चल. आज मला विचारायचंय."

सभा तीच, गर्दी तीच. धाकटी उभी राहिली.

"महाराज, आई कशी आहे?"

डोळे. जटा. "झोपलीय, पोरी. निळं पांघरूण अगदी डोक्यावरून घेतलंय. श्वास कसा संथ चाललाय! माझी नजर आहे. तू निश्चिंत राहा."

"आई गेली, महाराज," धाकटी म्हणाली. "पांघरुणाखाली उशा आहेत."

महाराजांचा हात आपसूक कानाकडे गेला. मग ते हसले. "वेडी पोर! मी आत्मा बघितला."

"आत्म्याला थंडी वाजते का हो?" थोरली मागून कडाडली. "उशा श्वास घेतात का? बायांनो, नीट ऐका. ह्यांना फक्त कॅमेरा असलेल्या खोल्या दिसतात, आणि कॅमेरे बसवतो कोण? ह्यांचा माणूस. पासवर्ड ठेवतो कोण? तोच. तुमच्या घरातलं चित्र नेटवरून ब्राउझरमध्ये येतं, त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून दूध आधी उतू जातं आणि ह्यांना मागाहून दिसतं. आत बसलेला माणूस बघून बोलतो आणि हे ऐकतात. बघा ना त्या जटेखाली काय आहे!"

सेवेकरी तिच्या अंगावर धावले. पण तेवढ्यात दूधवाल्या सासूबाई उठल्या.

"माझ्या नातीच्या खोलीत आहे एक कॅमेरा. ती कपडे बदलते तिथे."

मग कोणाला कोणी आवरेना. देवाला घाबरणाऱ्या बायका सेवेकऱ्यांना ढकलून व्यासपीठामागच्या दाराशी भिडल्या. आत कॅमेरेवाला कानांना हेडफोन लावून बसला होता, पुढ्यात माइक, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चौकटीच चौकटी. कोणाचं स्वयंपाकघर, कोणाचा पाळणा, कोणाची झोपायची खोली. एका चौकटीत निळं पांघरूण.

बाहेर महाराज पसार झाले होते. आणि खोटं कशाला सांगा, दर्शनाच्या रांगेतली निम्मी माणसं तरीही रांग सोडायला तयार नव्हती. "महाराजांना फसवलंय त्या कॅमेरेवाल्याने," एक गृहस्थ सगळ्यांना समजावत होते.

धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"काका, पासवर्ड आजच बदला. पण त्याआधी एक करा. कोणी म्हटलं, मला दिसतंय, तर तिथल्या तिथे विचारा, कसं दिसतंय? विचारल्याने देव कोपत नाही. मी नाही विचारलं. आई कधीची हात उचलून आहे, असं महाराज म्हणाले ना, तेव्हासुद्धा नाही विचारलं." तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "आई पाणी घ्यायला गेली होती हो. आणि मी इथे टाळ्या वाजवत होते."