बाळगोळी

भिकाने दवंडी पिटली ती कुंभवली गावात. परवान्याशिवाय अफूची कणीही जवळ ठेवायची नाही, पूर्वीसारखी सूट आता नाही, सापडेल त्याला कैद. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर ढोलाचा आवाज तेवढा पोचला. म्हणून पोलीस पाटील भगवंतने सुईण जमनाला बोलावलं.

"शुक्रवारी झडती हाय. भट्टीवरच्या बाया तुजं ऐकतील. त्याआधी सगळं माज्याकडं जमा कर. तान्ह्या पोरांसकट बाया कोठडीत गेलेल्या मला बघायच्या नायत."

जमनालाही ते बघायचं नव्हतं. मंगळवारी सकाळी ती पत्र्याचा डबा घेऊन भट्टीवर गेली.

बाया नगरकडच्या. गारा तुडवायच्या, विटा वाहायच्या. झाडाखाली गोणपाटावर त्यांची नऊ पोरं ओळीने निजलेली होती. उन्हं वर आली तरी एकही हललं नव्हतं.

जमनाने हुकूम समजावून सांगितला. म्हातारी रत्नाबाई हसली. "आमचा म्हातारा अफू चाटूनच वाढला. अजून जागा झाला न्हाई, एवढंच."

"हसू नको, बाय. पोरांना निजवायला देता त्या बाळगोळीतबी अफूच हाय. ती सापडली तरी धरतील."

"मग पोरं कोण सांभाळील? तुजा पाटील?"

 जमनाने कोठडीचीच गोष्ट पुन्हा सांगितली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांत आधी नर्मदा उठली. कंबरेची चंची सोडून तिने काळी गोळी डब्यात टाकली. तिचा बन्सी नऊ महिन्यांचा होता.

"रांगतो का गं?" जमनाने विचारलं.

"कुठला रांगतोय, मावशी! झोपाळू हाय. बापावर गेलाय."

"दोन दिवस रडंल. तिसऱ्या दिवशी बघ, कसा खेळाया लागंल."

नर्मदेने टाकली म्हणून बाकीच्यांनीही टाकली. जमनाने डबा चावडीवर पोचवला.

मंगळवारी, बुधवारी पोरांनी भट्टी डोक्यावर घेतली. पोरांपाशी जाणाऱ्या बाईला मुकादम शिव्या घालून परत पाठवत होता. बन्सीला जुलाब झाले, तो रडून रडून निळा पडला. जमना दोन्ही संध्याकाळी जाऊन त्याला ओव्याचं पाणी पाजून आली.

गुरुवारी त्याचं रडणं थांबलं. दुपारी नर्मदा पाजायला आली तेव्हा गोणपाटावर आठच पोरं होती. गाऱ्यासाठी पाणी साठवलेला खड्डा तिथून वीस पावलांवर होता. मातीत दोन तळव्यांचे आणि दोन गुडघ्यांचे ठसे खड्ड्याच्या काठापर्यंत गेले होते.

जमना धावत पोचली तोवर पोराला बाहेर काढलं होतं. नर्मदा रडत नव्हती. ठशांकडे बोट करून म्हणाली, "रांगत होता, मावशी. मला ठावंच न्हवतं."

शुक्रवारी झडती झाली. नऊ खोपटांत काही सापडलं नाही. साहेब खूष होऊन गेले. पाटील जमनाला म्हणाला, "तू चांगलं केलंस. आता पुढच्या भट्टीवर जा."

शनिवारी ती निघाली. वाट याच भट्टीवरून जात होती. लांबूनच तिला शांतता जाणवली. झाडाखाली आठही पोरं गाढ झोपली होती. तिने एकाची पापणी उचलली. अफूने बाहुली मोहरीएवढी झाली होती.

विटांचं ओझं डोक्यावर घेऊन रत्नाबाई समोर उभी राहिली. "जा, सांग पाटलाला."

"कुठनं आनली?"

"ते इचारू नगं. नर्मदा मघाशीच नगरला आपल्या गावाकडं गेली. रिकाम्या हातानं."

 भट्टीवर पुन्हा गोळी आली, हे आज जमनाने पाटलाला सांगितलं तर उद्या कोणीतरी कोठडीत जाणार होतं. नाही सांगितलं तर पोरं अशीच निजून राहणार होती. पुढच्या भट्टीवर काय बोलायचं तेही तिला सुचेना. ती गोणपाट आणि खड्डा यांच्या मध्ये जमिनीवर बसली.

"ए म्हातारे, हितं काय काम तुझं?" मुकादम जमनावर ओरडला.

"पोरं राखते," ती म्हणाली. उठली मात्र नाही.