फाट्यावरच्या शिपायाची बंदूक

मित्रांनो, मी सिमेंटचा शिपाई आहे. वय जेमतेम नऊ वर्षं. पण उन्हापावसात उघड्यावर उभं राहणाऱ्याला म्हातारपण लवकर येतं. वांकिडीच्या अलीकडं, बाजाराच्या वाटेवरच्या फाट्यावर माझा चौथरा आहे.

एकाहत्तरच्या लढाईत इथला चंपत मारला गेला. त्याची आई पंचफुला रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडते. गावानं पुतळ्यासाठी चंद्रपूरहून कारागीर आणला. त्यानं आजवर फक्त फाटकांवरचे सिंह घडवले होते, म्हणून माझी छाती जरा जास्तच फुगली आहे. पंचफुलानं मला निरखून पाहिलं. "नाक त्याचं नाही, पन कान त्याचेच हायेत," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. चंपत बौद्ध वस्तीतला. त्यामुळे चौकात जागा असूनही मला गावाबाहेर उभं केलं.

पहिली वर्षं मानाची गेली. पंधरा ऑगस्टला हार, शाळेतल्या मुलांचा सलाम. तेव्हा माझा गणवेश हिरवा होता. पुढं सरपंच माणिकरावांनी मला नव्यानं रंगवलं. दुकानात हिरवा नव्हता, म्हणून खाकी फासला. "फौजदारावानी रुबाब आला!" ते म्हणाले. मीही फुशारलो. आज त्या फुशारकीची लाज वाटते.

कारण यंदा, एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात, इंद्रवेल्लीला सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. तेव्हापासून बाजाराला येणारे गोंड मला लांबूनच पाहून शेतांतून आडवाटेनं जाऊ लागले.

एका सांजेला टोपल्या विकणारी गोंडांची बयनाबाई वळणावरून एकदम माझ्यासमोर आली. टोपल्या टाकून तिनं हात जोडले. "साहेब, मी सभेला गेली नोती!"

पंचफुला कामावरून परतत होती. "काऊन भेतं व माय? हा माहा चंपत हाये."

बयनाबाईनं मला पुन्हा न्याहाळलं. "मंग आमच्या वाटेवर बंदूक काऊन धरून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी माणिकराव बसची वाट पाहत होते, तिथं पंचफुलानं त्यांना गाठलं.

"सरपंचसायेब, याची बंदूक काढून टाका."

"बंदूक काढली त शिपाई कसा दिसन?"

"पोरगा दिसन."

ते हसले आणि बसमध्ये चढले.

भर दुपारी तिनं आपली गिट्टीची हातोडी आणली. तिसऱ्या घावाला बंदूक गळून पडली, सोबत माझी दोन बोटंही गेली. दुखलं नाही म्हणालो तर खोटं ठरेल. पण इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. दोन दिवसांत वाट पुन्हा वाहती झाली. बयनाबाईनं माझ्याच चौथऱ्यावर टोपल्या टेकवून घाम पुसला.

मग पोलिसांची जीप आली. पुतळा जंगलातल्या गोंडांनीच फोडला, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. "म्या तोडली, म्या!" पंचफुला ओरडत राहिली. "कुठली आई असं करते?" म्हणत त्यांनी तिला बाजूला सारलं आणि बयनाबाईच्या नवऱ्याला जीपमध्ये घातलं. तो अजून परतलेला नाही.

काल माणिकरावांनी सिमेंटची नवी बंदूक आणून माझ्या पायाशी ठेवली आहे. पहिलीपेक्षा वीतभर लांब.

आज बयनाबाई नवऱ्याची चौकशी करत फाट्यावर आली. पंचफुलानं तिच्या हातात गिट्टीचा दगड ठेवला. "उद्या यानं बंदूक घेतली, त पयला दगड तू मार," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "दुसरा म्या मारीन."

मित्रांनो, दुसरे पुतळे तुमच्याकडं रंग मागतील, डागडुजी मागतील. पण ज्याच्या नावानं पुतळा उभा केला, त्याच्या आईला एकदा विचारत जा. मला दुरुस्त करू नका. असाच, थोट्या बोटांचा, रिकाम्या हातांचा राहू द्या. सिमेंट सकाळी कालवणार आहेत.