अठरा केळी

फुटबॉल क्लबात बावीस वर्षं मी खेळाडूंचे कपडे सांभाळले. म्हणजे धुतले, वाळवले, नंबर चिकटवले, बुटांचे खिळे बदलले आणि सामन्याच्या दिवशी प्रत्येकाच्या खुंटीखाली सगळं मांडून ठेवलं. जर्सीचा नंबर बाहेरच्या बाजूला, मोजे उजवीकडे, बूट खाली, टॉवेल बाकावर. तेवढ्या वर्षांत कोच आठ बदलले, मी मात्र टिकलो. का टिकलो, तर मला तोंड नव्हतं. आमच्या घरात 'न बोलण्यात नऊ गुण' ही म्हण रोज डब्यात बांधून मिळते. बायकोचा तो गुरुमंत्र, आणि मी तिचा आज्ञाधारक शिष्य.

दोन वर्षांपूर्वी क्लबात आहार सांगणाऱ्या एक बाई आल्या. सामन्याआधी प्रत्येकाने एक केळं खायचं, असा त्यांनी नियम केला. मग माझ्या मांडणीत आणखी एक भर पडली, टॉवेलावर केळं. खेळाडू अठरा, केळी अठरा. दारामागच्या कागदावर मी लिहायचो, 'केळी अठरा, मांडली', आणि खाली सही ठोकायचो. त्या सहीचा मला अभिमान होता, हे आज सांगायला लाज वाटते.

अकरा नंबर त्याच सुमारास संघात आला. एकवीस वर्षांचा, रंगाने काळा, आणि आमच्या संघात तसा तो एकटाच. धावायला लागला की मागे धावणाऱ्याला दम लागायचाच, बाकावर बसलेल्या मलाही लागायचा. सराव संपला की बाकीचे गाड्यांकडे पळायचे, हा माझ्या धुलाईखोलीत यायचा. त्याची आई एका हॉटेलात चादरी धुवायची, त्यामुळे त्याला गरम कपड्यांचा वास आवडायचा म्हणे. बोलता बोलता टॉवेलांच्या घड्या घालून द्यायचा. माझी घडी चार पदरी, त्याची तीन पदरी.

"काका, तुमच्या घडीत मधला भाग ओला राहतो," तो म्हणायचा.

"बावीस वर्षांत कोणी तक्रार केली नाही रे."

"तुमच्याकडे तक्रार करायची कोणाची हिंमत आहे!"

असं आमचं चालायचं. मला मूलबाळ नाही. तो आला नाही त्या दिवशी खोली मोठी वाटायची.

मग एका बाहेरच्या सामन्यात समोरच्या प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाहून माकडाचे आवाज काढले. वर्तमानपत्रांत आलं, आमच्या क्लबाला एकदम कंठ फुटला. अठरा पांढरे टी-शर्ट मागवले आणि 'भेदभावाला थारा नाही' ही अक्षरं गरम प्रेसखाली मी त्यांच्यावर चिकटवली. पुढच्या सामन्याआधी सगळे ते घालून मैदानात ओळीने उभे राहिले. कॅप्टनने कागदावरून शपथ वाचली. आवाज काय, हावभाव काय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझेही डोळे भरून आले होते, मी काही दगड नाही.

त्याच कॅप्टनने त्यानंतरच्या सामन्याला, सगळ्यांच्या आधी येऊन, अठराच्या अठरा केळी उचलून अकरा नंबरच्या टॉवेलावर रचली. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन आत आलो तेव्हा शेवटचं केळं त्याच्या हातात होतं. त्याचे दोन दोस्त बाकावर लोळून हसत होते.

"काका, बघा, मेजवानी!" कॅप्टन म्हणाला. "ज्याचं खाणं त्याला."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पोरांनो, उगाच माझं काम वाढवू नका रे." एवढंच. आणि अकरा नंबर यायच्या आत भराभर सगळी केळी पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी ठेवली. बुटांखालचा चिखल पुसावा तसं पुसून टाकलं सगळं, आणि वर स्वतःची पाठ थोपटली, की पोराचं मन मी राखलं.

हे चार वेळा झालं. चारही वेळा मी आवरलं. चौथ्या वेळी दोन केळी चिरडून त्यांचा गर बाकीच्यांनाही लागला होता, म्हणून ती सगळीच कवेत घेऊन बदलायला निघालो, तर कॉरिडॉरमध्ये अकरा नंबर समोर आला.

"काका, कोणाची पार्टी?"

"जास्तीची आली होती," मी म्हणालो.

पाचव्या वेळी वाळवणी यंत्राचा पट्टा तुटला आणि मी अडकलो. धावत गेलो तेव्हा अकरा नंबर आपल्या खुंटीसमोर उभा होता. टॉवेलावर अठरा केळी. मागे खी-खी चाललं होतं. त्याने केळी एकेक करून जमिनीवर ठेवली, टॉवेल झटकला, बसला आणि मोजे चढवले. त्या दिवशी एक गोल त्याने केला, एक करून दिला. गोल झाल्यावर कॅप्टन त्याच्या गळ्यात पडला. फोटो छान आला.

दुसऱ्या दिवशी तो धुलाईखोलीत आला. टॉवेलांना हात लावला नाही.

"काका, मी लेखी तक्रार केली आहे. समिती बसणार."

"बरं केलंस."

"त्या दिवशी तुमच्या कवेत होती, तीही अशीच माझ्या जागेवरून उचलली होतीत ना?"

मी यंत्राचं दार उघडलं, बंद केलं.

"कोण करतं ते तुम्ही पाहिलंय. समितीसमोर तेवढं सांगाल?"

"बाळा, मी कपडे धुणारा माणूस. माझी दोन वर्षं राहिलीत. कॅप्टन म्हणजे इथे..."

"पाहिलंय की नाही, काका?"

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

तो मग "बरं" म्हणून गेला. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शहाणपणा केलात." त्या रात्री जेवण गेलं नाही, पण ते मी अपचनावर ढकललं.

समितीत तिघे होते: क्लबाचे साहेब, क्लबाचे वकील आणि फुटबॉल संघटनेकडून आलेले एक गृहस्थ, जे सारखे घड्याळ बघत होते. मला पाणी दिलं, खुर्ची दिली. वकील गोड बोलला.

"काका, केळ्यांना तुमच्याशिवाय कोणाचा हात लागतो का हो?"

आता बघा माझी अक्कल. कॅप्टनचं नाव टाळायचं होतं आणि कामाचा तोराही मिरवायचा होता. मी म्हणालो, "छे! मांडतो मीच, उरलेली उचलतो मीच. माझ्या मांडणीला दुसरं कोणी हात लावत नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली, नेहमीसारखी ठसठशीत.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. या वेळी पाणी नव्हतं. टेबलावर माझे दारामागचे कागद होते, 'केळी अठरा, मांडली' असे पाच, आणि कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यातला माझा फोटो, कवेत केळी घेतलेला. कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा नसतो. कॅप्टन आणि दोस्तांनी एकमुखाने सांगितलं होतं की केळी काका ठेवतात, आम्ही तिकडे बघतही नाही.

"कॅप्टनने केलं!" मी ओरडलो. "पाचही वेळा त्यानेच! मी तर उचलत होतो, त्या पोराला दिसू नये म्हणून!"

"मग मागच्या वेळी सांगितलं नाहीत ते?" वकिलाने माझी सही माझ्यासमोर सरकवली. "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

दोन्हीतलं कुठलंही उत्तर दिलं तरी मी खोटाच ठरत होतो.

मग त्यांनी अकरा नंबरला आत बोलावलं. माझ्या जिवात जीव आला. त्याला तर सगळं ठाऊक होतं, तो सांगेल, एवढी एकच आशा धरून मी खुर्चीत बसून राहिलो.

"ती केळी तुझ्या जागी कोणी ठेवली? तू स्वतः पाहिलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, काहीच नव्हतं.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. खोटं मी बोललो होतो, तो खरं बोलला.

संध्याकाळपर्यंत क्लबाचं निवेदन निघालं. दोषी कर्मचाऱ्याला काढून टाकलं आहे, आमच्याकडे भेदभावाला थारा नाही. सोबत कॅप्टनचा फोटो, अंगात पांढरा टी-शर्ट, छातीवर मी चिकटवलेली अक्षरं. बायको रडत म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हो." मी म्हणालो, "अगं, संन्यासी कसला? चोराला शिडी धरत होतो मी." त्यावर तिला तिची म्हण आठवली नाही.

सामान न्यायला गेलो तेव्हा धुलाईखोलीत अकरा नंबर होता. एकटाच, टॉवेलांच्या घड्या घालत. नवा माणूस अजून यायचा होता. मी माझी कात्री, चष्मा, जुनी चप्पल पिशवीत भरली. शेवटी मलाच राहवलं नाही.

"मी ठेवली नव्हती, हे तुला माहीत होतं ना रे?"

"हो."

"कोणी ठेवली, तेही?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? माझं सगळं गेलं, बाळा. एक शब्द बोलला असतास..."

त्याने हातातली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हालाही माहीत होतं, काका. पाच वेळा."

मग त्याने पुढचा टॉवेल उचलला. मी पिशवी घेतली आणि बाहेर पडलो.