पैसे मीच भरणार!

सॉल्ट गावात त्याला वजदी म्हणून हाक मारणारा आता एकच माणूस उरला होता, त्याचे हाजीमामा. बाकी सगळ्यांसाठी तो अबू लैथ, लैथचा बाप. आणि त्या लैथचंच लग्न आज ठरायचं होतं, दूर समुद्रकाठी अकाबाला, असरच्या म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजेनंतर. ठरलं तर.

कारण मुलीचा बाप होता निवृत्त कर्नल ममदूह. फौज सोडून बरीच वर्षं झाली, पण ती गोष्ट कर्नलना कुणी सांगितली नसावी. मागच्या खेपेला त्यांच्या दानियाला मागायला आलेली जाहा, म्हणजे मुलाकडची मानकरी मंडळी, उशिरा पोचली. कर्नलनी त्यांना सरबत पाजून वाटेला लावलं. म्होरक्यापुढची कॉफी तशीच राहिली. आपल्याकडे मुलीचा बाप ‘कॉफी प्या’ म्हणाला की मुलगी दिली. तो म्हणेपर्यंत म्होरक्या कपाला बोट लावत नाही.

म्हणून आदल्याच दिवशी बायकांसोबत अकाबाला गेलेल्या लैथने सकाळी फोन केला. “बाबा, वेळेवर या. आणि तुमच्या पाया पडतो, रस्त्यात रातिबमामाशी पैशांवरून भांडू नका.”

“मी कधी भांडतो?” अबू लैथ म्हणाला. गेल्या ईदला हॉटेलचं बिल कोण देणार यावरून त्याच्या आणि मेहुण्याच्या ओढाताणीत वेटरची बशी फुटली होती, पण ते काही भांडण नव्हे. तो तर जिव्हाळा!

सगळी जाहा बसने निघाली. शहाण्या माणसांनी बसनेच जावं. पण अबू लैथने नवी कोरी विजेवरची गाडी घेतली होती, आणि ती कर्नलच्या दारात लावायची नाही तर काय तिचं लोणचं घालायचं? तेव्हा जाहाचे म्होरके हाजीमामा मागच्या सीटवर, मेहुणा रातिब शेजारी, असे तिघे निघाले. हाजी चाळीस वर्षं लोकांसाठी मुली मागत आले होते आणि त्यांची कॉफी एकदाही गार झाली नव्हती.

वाटेत कत्रानाच्या पुढे एका चहाच्या टपरीसमोर चार्जिंगची दोन यंत्रं होती. त्यातलं एक उद्घाटनाच्या दिवसापासून दुरुस्तीला होतं. दुसऱ्याचे पैसे फोनवरच्या अ‍ॅपमधून भरायचे. नोट नको, नाणं नको, विश्वास तर मुळीच नको. आधी अनामत कापून घेणार, मग वीज देणार.

“दाजी, फोन खिशात ठेवा,” रातिब म्हणाला. “पोराचा मामा आहे मी. आजचे पैसे मीच भरणार.”

“वल्लाही, अल्लाची शपथ, माझ्या गाडीत बसून तू पैसे भरणार? मेलो का मी?” असं म्हणत अबू लैथने वायर लावलीसुद्धा. यंत्र गुरगुरलं. तिघे चहाला बसले.

“हात धुऊन येतो,” रातिब म्हणाला, आणि दूध प्यायलेल्या मांजरासारखा परत आला. अबू लैथचा फोन वाजला: आपलं चार्जिंग संपलं, धन्यवाद.

आता यंत्रावर एक लाल बटण असतं. ते कुणीही दाबावं आणि चार्जिंग बंद पाडावं. रातिबने ते दाबून आपल्या नावावर नव्याने सुरू केलं होतं. अबू लैथने ते ओळखलं. भांडायचं नाही, पोराने बजावलं होतं ना! तो फक्त उठला.

“मीही जरा हात धुतो.”

मग रातिबच्या हाताला साखर लागली. मग अबू लैथच्या हाताला तेल. त्या दुपारी त्या दोघांइतके स्वच्छ हात अख्ख्या वाळवंटात कुणाचे नव्हते, आणि गाडी जिथल्या तिथे.

दर खेपेला नवी अनामत कापली जात होती. ती परत मिळणार कामकाजाच्या दिवशी, आणि आज शुक्रवार, सुट्टीचा. शेवटी यंत्राने रातिबला नाकारलं, मग अबू लैथला. अ‍ॅपमध्ये आणखी भरावेत तर बँक म्हणे, आजची मर्यादा संपली. दोघांच्या खिशात नोटांची पुडकी, आणि दोघे यंत्रासमोर भिकाऱ्यासारखे उभे!

“झालं समाधान?” हाजी गाडीतून ओरडले. “आता त्या लाल बटणालाच सून करून घ्या!”

रातिबने मान खाली घातली. “दाजी, चुकलं माझं.”

“तुझं कसलं? माझंच.” आता चूक कुणाची यावरही दोघांची ओढाताण झाली असती, पण अबू लैथने घड्याळ पाहिलं. पोराने एवढंच तर मागितलं होतं.

त्यांच्या मागे एक लाल गाडी कधीची थांबली होती. आतला मिशाळ म्हातारा उतरला, फोन काढला, यंत्राला टेकवला. यंत्र गुरगुरलं.

“अहो, हे काय? आम्ही तुमचे कोण लागतो?” अबू लैथने नोटा काढल्या.

“ठेवा ते. मलाही घाई आहे, पण तुमचं हात धुणं आता बघवत नाही. तुम्ही पाहुणे दिसता, आधी तुमची भरू द्या.” आणि म्हातारा चहाला निघून गेला.

गाडी भरली तसा अबू लैथ नोटा घेऊन टपरीकडे धावला. “वजदी! गाडीत बस!” हाजी गरजले. तो बसला. अनोळखी माणसाच्या पैशांवर आपली नवी कोरी गाडी चाललीय, हे त्याला अकाबापर्यंत खुपत राहिलं.

असरची नमाज सुटायला आणि ते कर्नलच्या दारात शिरायला एकच गाठ पडली. बस आधीच आली होती. कर्नलनी घड्याळ पाहिलं आणि नाइलाजाने मान डोलावली. हाजींनी मुलगी मागितली, अशी मागितली की कर्नलच्या खुर्चीलाही वाटावं, द्यावी. पुढे कॉफी आली.

“उत्तर माझे थोरले बंधू फव्वाज देतील,” कर्नल म्हणाले. मग पुढचं वाक्य दातांखालून काढलं. “त्यांना यायला जरा उशीर होतोय.”

कॉफीची वाफ गेली. कर्नल लालबुंद. लैथ नव्या टायच्या गाठीशी खेळत होता. शेवटी दार उघडलं आणि आत आला तोच मिशाळ म्हातारा.

रातिबने गालिच्याची नक्षी मोजायला घेतली.

“दादा, आजच्या दिवशी उशीर?” कर्नल कडाडले.

फव्वाजनी खोलीभर नजर फिरवली. ती अबू लैथवर क्षणभर थांबली, मिशी हलली, नजर पुढे गेली. “काय सांगू! चार्जिंगवर दोन वेडे पुढे होते. एकाने सुरू केलं की दुसरा बंद करायचा. का, तर म्हणे पैसे मीच भरणार!”

सगळी बैठक खोखो हसली. लैथही हसला, मग त्याला बापाचे लाल झालेले कान दिसले आणि त्याचं हसू तिथेच मेलं.

“असल्या बिनडोकांच्या घरात मुलगी देईल का कुणी?” कर्नल म्हणाले.

गप्प बसावं, एवढंच करायचं होतं. म्हाताऱ्याने नाव झाकलं होतं. पण गप्प बसायचं म्हणजे त्याचे पैसे गिळायचे, आणि ते अबू लैथच्या घशाखाली उतरेना. तो उठला.

“ते वेडे आम्हीच, कर्नलसाहेब. मी आणि हा माझा मेहुणा. आणि यांचे पैसे अजून द्यायचेत.” त्याने नोटा पुढे केल्या. लैथने डोळे मिटले.

“वल्लाही घेणार नाही!” फव्वाज ओरडले.

“वल्लाही घ्यावेच लागतील!”

“दाजी, थांबा, हे मी देतो!” रातिबही उठला. एकाने नोटा फव्वाजच्या खिशात कोंबल्या, त्यांनी त्या दुसऱ्याच्या कॉलरमध्ये खुपसल्या. टेबल हललं, कॉफी हिंदकळली.

“पुरे!” कर्नलची सहनशक्ती संपली. “खाली बसा, कॉफी प्या आणि तोंडं बंद करा!”

सगळ्यांच्या नजरा हाजींपुढच्या कपाकडे वळल्या.

हाजींनी आयुष्यात कुठलीच गोष्ट एवढ्या चपळाईने केली नव्हती. कप उचलला, गार कॉफी एका घोटात संपवली, मिशा पुसल्या. “मुबारक असो!”

कर्नलनी तोंड उघडलं. पण बैठकीत दिलेला शब्द फौजेलाही परत घेता येत नाही. त्यांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग कॉलरमध्ये नोटा अडकलेल्या अबू लैथकडे, जो मान खाली घालून उभा होता. “खरं बोललात तेवढं बरं केलंत,” ते पुटपुटले, आणि त्याच्यासाठी कॉफी ओतली, स्वतःच्या हाताने.

भिंतीपलीकडे बायकांनी आनंदाचा कल्ला केला. लैथ धावत आला आणि बापाला असा घट्ट बिलगला की त्याच्या हातातली कॉफी सांडली.

“बाबा,” तो कानात म्हणाला, “परत जाताना बसने जा.”