झिजलेल्या दगडाला टाकी

पदवीसाठी माणसं ग्रंथालयं पालथी घालतात. माझी पदवी एका दगडावर अडली होती, आणि तो आमच्या ब्राह्मणपुरीच्या शिवेवर चिंचेखाली अर्धा पुरलेला उभा होता. त्यावर नाचणाऱ्या दोन बायका कोरलेल्या, त्यांच्या पायाशी जुन्या लिपीतल्या तीन ओळी. वर्षातून एकदा गावच्या बायका त्याला हळद लावत, एरवी कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

१९३८ साली मी मुंबईला एम. ए.साठी प्राचीन शिल्पकलेचा इतिहास शिकत होतो. शेतकऱ्याच्या पोरानं हा विषय घेतला म्हणून वर्गातले हसायचे, गावातले तर हसून हसून दमले होते. माझा सगळा प्रबंध एकाच म्हणण्यावर उभा होता: हा दगड समजतात त्यापेक्षा तीनशे वर्षं जुना आहे. पुरावा म्हणजे त्या बायकांच्या कमरेची कोरणी आणि ती अक्षरं. मी काढून नेलेल्या चित्रांवर प्रोफेसरसाहेबांचा विश्वास बसेना. "मी स्वतः येऊन पाहीन," ते म्हणाले. मी हवेत तरंगायला लागलो.

दिवाळीच्या सुट्टीत दगडावर ओला कागद थापून शाईचा ठसा घ्यायला गेलो. चार वेळा घेतला, चारही वेळा नुसते डाग उठले. आबा, म्हणजे माझे वडील चुडामण पाटील, पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे होते. मी वैतागून म्हणालो, "अक्षरं झिजी गयात, आबा. साफ ऱ्हातात ते पदवी हातमा व्हती."

हे वाक्य माझंच. त्यासाठी मी आजही स्वतःला शिव्या घालतो.

माघात साहेब आले. मी त्यांना नंदुरबार स्टेशनावरून घेतलं, नावेनं तापी ओलांडली, पलीकडच्या प्रकाशा गावापासून आमच्या छकड्यात बसवलं. शिवेवर आबा कोरा फेटा बांधून थांबले होते. त्यांच्यामागे निजाम उभा होता. हा तळोद्याचा टाकीवाला, गावोगाव फिरून झिजलेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावून द्यायचा. तो इथं कशाला, हे मला कळेना. मग दगड दिसला.

काळा दगड ताज्या घावांनी करडा पांढरट झाला होता. बायकांना नवे डोळे आले होते, नवी नाकं आली होती, कमरेवर ठसठशीत पट्टे आले होते. अक्षरं पेरभर खोल गेली होती. जिथं निजामला काही उमगलं नाही, तिथं त्यानं वेल काढली होती. चांगली काढली होती, म्हणून तर जास्तच संताप आला.

"झिजेल घट्याले आपन टाकी लावतस ना?" आबा म्हणाले. "तीन दिन खपना निजाम. आते कसं साफ दिसी ऱ्हायनं!"

साहेब वाकले, बोटानं कड चाचपली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. चित्रांशी जुळावं म्हणून हे केलंत का, असं त्यांनी विचारलं. मी शपथा घेतल्या. ते म्हणाले, "तुमच्यावर विश्वास ठेवतो हवं तर. पण मी काय पाहिलं म्हणून लिहू? जुनं इथं काहीच उरलेलं नाही." आईनं पहाटेपासून मांडे केले होते. ते न खाताच साहेब त्याच छकड्यातून परत गेले.

"साहेब उपाशी का बरं ग्यात?" आबांनी विचारलं. मग त्यांनी मला हाताला धरून दगडाच्या पायथ्याशी नेलं.

"हाई वाच ना जरा. मास्तरनी कोयसाघाई लिखी दिधं, निजामनी खोदं. माले ते वाचता येस नही. साहेब येतस म्हनजे पदवी लईसनच येतीन, म्हनीसन आधीच करी ठेवं. चूक ते नही ना?"

तिथं मास्तरांच्या कोळशाच्या खुणांवर बाळबोध अक्षरांत कोरलं होतं: रतिलाल चुडामण पाटील, एम. ए.

माझं डोकं फिरलं. "चूक शे," मी ओरडलो. "मी एम. ए. नही, नि आते व्हनार बी नही. तुम्हनी ह्या टाकीनी मन्हं शिकनं खलास कयं!"

निजाम मान खाली घालून हत्यारं गोळा करू लागला. आबा वाकून ती ओळ न्याहाळू लागले. त्यातली माझ्या नावाची अक्षरं कोणती आणि पदवीची कोणती, हेही त्यांना कळत नव्हतं.

"मंग तेवढं खोडाले सांगू का निजामले?" त्यांनी हळूच विचारलं. "तू फक्त कोठे ते बोट ठेई दाखाड."

मी बोट ठेवलं. शेवटच्या दोन अक्षरांवर ठेवलं आणि निजामनं पहिला घाव घालेपर्यंत उचललं नाही. राहू द्या म्हणायला माझं काय जात होतं?