ओलं फडकं

नवरा, जोतीराम, गेल्यापासून गोजराबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नणंद शकुबाई साताऱ्याहून येऊन गळ्यात पडून रडली, तरी ही खांबासारखी. आतून सगळं बधिर. एकच कळत होतं: महाप्याला लेकाच्या कामाच्या शेडमध्ये मालकांचा मातीचा मुखडा आहे आणि तो वाळता कामा नये.

मुखडा लेकानं, नंदकिशोरनं केलेला. मुंबईच्या कॉलेजात पुतळे घडवायला शिकलेलं पोर. माणूस समोर बसवायचं, कॅलिपर लावून नाक-कान मापायचं आणि हुबेहूब उतरवायचं. वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिलेला बाप सुट्टीला समोर बसायचा. "बटाटा समजून मापतोस व्हय रं मला?" म्हणायचा. मुखडा पुरा झाला, आणि साचा काढायच्या आधीच माणूस गेला.

सुतकात लेकानं कामाला हात लावायचा नाही. माती तर रोज भिजवावी लागते, नाहीतर तडकते. म्हणून गोजराबाईच निघायची.

"कपाळाचं कुंकू कालच पुसलंय, आन ही चालली बस धरायला," शकुबाई म्हणाली.

"तुमच्या भावाचंच तोंड ओलं करायला चाललेय, वन्सं. तुमी रडा. घरात कुणीतरी रडाया पायजेच."

शेडमध्ये ती फडकं सोडायची, पाणी शिंपडायची, पुन्हा गुंडाळायची. तोंडाकडं बघायची. काही वाटायचं नाही.

तेरावं झालं. नंदकिशोरनं प्लास्टर कालवून मुखड्यावर चढवलं. ते सुकून घट्ट झाल्यावर साच्याचा मागचा तुकडा सोडवला आणि म्हणाला, "आई, तू बाहेर बस. आता आतली माती उकरायची."

"म्हणजे मुखडा मोडायचा?"

"त्याशिवाय साचा रिकामा होत नाही. तोंड साच्यात उमटलंय, ते जात नाही. त्यात मग पुतळा ओतायचा."

"एवढे दिस भिजवलं ते उकरायला?"

"ओली ठेवलीस म्हणून उमटलं. वाळली असती तर..."

गोजराबाईनं पदर खोचला. "सर बाजूला. पाणी मी घातलंय, मीच काढते."

गाल, कान, हनुवटी, मूठ-मूठ मातीच्या पिंपात पडत गेली. हातात आल्यावर कुठलं काय ते कळत नव्हतं.

"ह्या मातीचं आता काय?"

"एका साखर कारखानदाराच्या पुतळ्याचं काम आलंय, त्याला वापरायची."

"मेल्याला नाक तरी कष्टाचं मिळंल."

नंदकिशोर हसला, मग तोंड फिरवून हुंदके द्यायला लागला. तिनं रडू दिलं. साच्यात तोंड खोल, आत गेलेलं दिसत होतं. ती सरकली, तशी साच्यातली नजरही तिच्यामागं सरकली. तरी काही वाटलं नाही.

तिनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि पिंपावर पसरलं.